घड्याळासारखी नाडी

मनगटावर नवं घड्याळ आलं तेव्हा मला मधुमेह होऊन १२ वर्षं झाली होती. फिरून आलो की शेजारच्या नानांना नाडीचा आकडा दाखवायचो. बसलेला असलो तर ९२, टेकडी चढून आलो तरी ९८. ‘बघा, या वयातही हृदय विचलित होत नाही!’ अंथरुणातून उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची, ती मी पित्तावर ढकलली होती.

हर्नियाच्या शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञ बाईंनी हीच अंधारी पकडली. आडवं असताना वरचं बीपी १३८ होतं, उभं राहून तीन मिनिटांनी ११२. नाडी मात्र ९२ वरून जेमतेम ९५. मग ईसीजी लावून त्यांनी मिनिटाला सहा श्वास घ्यायला लावले, पाच सेकंद आत, पाच बाहेर. श्वास आत घेताना ठोके वाढायला हवेत, सोडताना उतरायला हवेत. हा फरक साधारण १५ किंवा जास्त असावा, १०च्या खाली गेला तर बिघाड. वयानुसार तो घटतो हे खरं, पण माझा चारच निघाला. ज्या स्थिरपणाची मी फुशारकी मारत होतो तोच दोष होता.

हृदयाचा ब्रेक म्हणजे व्हेगस नावाची लांबलचक नस. वर्षानुवर्षांच्या साखरेने बहुधा आधी तीच झिजते, म्हणून बसल्या जागीही ठोके जास्त पडतात. पायांच्या मुंग्यांची मी दर भेटीत तक्रार करत होतो. छातीतल्या नसांना मुंग्या येत नाहीत.

टाइप २ असेल तर निदान झाल्यापासूनच डॉक्टरांना या तपासणीबद्दल विचारा, कारण साखर कळण्याआधी कित्येक वर्षं वाढलेली असू शकते. तपासणीच्या दिवशी चहा-कॉफी, तंबाखू नको. नाडी मंदावणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा, आपल्या मनाने बंद करू नका. डोळ्याच्या पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या वाढल्या असतील तर याच तपासणीतली जोराने फुंकण्याची चाचणी टाळतात, तेव्हा तेही सांगा. घड्याळाच्या आकड्यावरून मात्र निदान करू नका, मी केलं होतं.

मला सगळ्यात धास्ती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. या नसा बधिर झाल्या की हार्ट अटॅक छातीत न दुखताही येऊ शकतो. अचानक दम लागला, दरदरून घाम फुटला, उलटी झाली तर पित्ताची गोळी शोधत बसू नका, लगेच दवाखाना गाठा. साखर उतरतानाची धडधडही जाणवेनाशी होते, म्हणून मी गाडी चालवण्याआधी साखर मोजतो.

गेलेलं फारसं परत येत नाही, साखर आटोक्यात ठेवली तर पुढची झीज मंदावते, असं मला सांगितलं गेलं. सध्या उठताना दोन मिनिटं खाटेच्या कडेवर पाय सोडून बसतो.

नानांनाही आठ वर्षं साखर आहे. उभं करून बीपी कधी मोजलंय का, असं विचारलं तर म्हणाले, ‘डॉक्टर खुर्चीतच मोजतात.’ परवाची वेळ मीच घेतली आहे.