संगणक प्रणालीचे आकारमान आणि श्रमाचा अंदाज

इमारतीचे अंदाजपत्रक करताना अभियंता प्रथम मोजमापे घेतो, नंतर दरसूची उघडतो. संगणक प्रणालीच्या नियोजनात मात्र हा क्रम बहुधा उलटा होतो. रक्कम व मुदत आधी ठरते आणि काम त्यात बसविले जाते. सार्वजनिक निधीतून होणाऱ्या संगणकीकरणाच्या दृष्टीने हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

या संदर्भात चेन्नईचे उदाहरण उद्बोधक ठरते. 2000 साली टायडेल पार्क सुरू झाल्यानंतर हे शहर देशातील एक प्रमुख सॉफ्टवेअर केंद्र म्हणून पुढे आले. 2011 मध्ये परिसरातील 42 स्थानिक संस्था चेन्नई महानगरपालिकेत विलीन झाल्या आणि तिचे क्षेत्र 174 चौरस किलोमीटरवरून 426 चौरस किलोमीटर झाले. अशा वेळी मालमत्ता कराच्या प्रणालीचे काम किती वाढते? क्षेत्र सुमारे अडीचपट झाले म्हणून श्रमही अडीचपट, असे उत्तर सहज सुचते. परंतु ते चुकीचे आहे.

आकारमान कसे मोजावे?

आयबीएममधील ॲलन अल्ब्रेक्ट यांनी 1979 मध्ये 'फंक्शन पॉइंट' ही पद्धत मांडली. प्रणाली वापरणाऱ्याला कोणती कार्ये करून देते, यावरून तीत आकारमान ठरते. समजा, कराच्या प्रणालीत मध्यम स्वरूपाचे 10 माहिती-भरणा प्रकार (भार 4), 8 अहवाल (भार 5), 5 चौकशा (भार 4), 4 अंतर्गत नोंदसंच (भार 10) आणि इतर प्रणालींचे 2 नोंदसंच (भार 7) आहेत. बेरीज 154 होते. संस्थेच्या पूर्वानुभवानुसार एका मनुष्य-महिन्यात 10 गुणांचे काम होत असेल, तर सुमारे 15 मनुष्य-महिने लागतील.

करदाते वाढले तरी पावतीचा नमुना एकच राहतो. म्हणून केवळ संख्येमुळे हे आकारमान वाढत नाही. मात्र विलीन संस्थांच्या नोंदी 6 निरनिराळ्या नमुन्यांत असतील, तर रूपांतराचे 6 गुंतागुंतीचे भरणा प्रकार (भार 6) वाढून बेरीज 190, म्हणजे 19 मनुष्य-महिने होते. तमिळ लिपीसाठी राज्यात 1999 मध्ये 'टॅम' व 'टॅब' या संकेतप्रणाली स्वीकारल्या गेल्या आणि 2010 मध्ये युनिकोड. म्हणजे जुन्या नोंदींची लिपीही तपासावी लागते. विसरले जाते ते नेमके हेच काम.

श्रम आणि मुदत

आकारमान आणि श्रम यांचे प्रमाण सरळ नसते. बॅरी बोह्‌म यांच्या 1981 मधील 'कोकोमो' प्रतिमानात सर्वांत कठीण वर्गातील प्रकल्पांचा घातांक 1.20 आहे; त्यानुसार आकार दहापट झाल्यास श्रम सुमारे सोळापट होतात. माणसे वाढत जातात तसा परस्पर समन्वयाचा खर्चही वाढतो. उशीर झालेल्या प्रकल्पात आणखी माणसे घातल्यास तो अधिकच लांबतो, हे फ्रेडरिक ब्रुक्स यांनी 1975 मध्येच दाखवून दिले होते. शिवाय कामाची रूपरेषा अस्पष्ट असताना प्रत्यक्ष श्रम अंदाजाच्या चौपट किंवा चतुर्थांशही निघू शकतात, असे बोह्‌म यांचे प्रतिपादन होते. म्हणून आरंभी एकच आकडा न देता कमाल व किमान मर्यादा देणे योग्य होय.

निविदेपूर्वीची मोजणी

खरेदीदार खात्याजवळ स्वतःची मोजणी नसेल, तर काम समजून घेऊन दर देणारा आणि न समजता कमी दर देणारा यांतील फरक त्याला ओळखता येत नाही. किमान दराच्या निविदेत दुसरा यशस्वी होतो. पुढे राहिलेले काम वाढीव मागण्यांच्या रूपाने परत येते. त्याची किंमत तरुण अभियंते रात्री जागून आणि नागरिक खिडकीसमोर ताटकळत चुकवतात.

यास्तव निविदेपूर्वी खात्याने आकारमान मोजावे, रूपांतर, चाचणी व प्रशिक्षण यांचे श्रम स्वतंत्र दाखवावेत आणि प्रकल्प संपल्यावर प्रत्यक्ष लागलेल्या श्रमांची नोंद जपावी. बांधकामाची दरसूची अशाच नोंदींतून तयार झाली आहे. संगणकीकरणाची दरसूचीही त्याच मार्गाने घडेल.