पट्टा पडायच्या आत

चर्चच्या वार्षिक सभेत आमच्या मंडळीच्या सेक्रेटरीसाहेबांनी अहवाल वाचला. 'यंदा ऊसतोड बांधवांमध्ये भरीव कार्य झाले', असं त्यात वाक्य होतं, आणि पुराव्याला नाताळचा फोटो. पुढच्या रांगेत टोळीतली पोरं, हातात मंडळीनं वाटलेली कॅलेंडरं. मी उठून म्हटलं, "यातल्या एकाचं तरी नाव सांगा." साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "बाई, विषयाला धरून बोला." तोवर ती माणसं आमच्याकडे यायची कधीच थांबली होती. आता वर असंही कानावर येतं, की मीच त्यांना तोडलं. म्हणून लिहिते आहे.

दिवाळी झाली की गगनबावड्याच्या बाजूला टोळ्या उतरतात, बऱ्याचशा बीड, जालना, नगरकडच्या. त्यात एखाददुसरं घर ख्रिस्ती निघतं. आमच्या मंडळीतल्या वडिलांना याचं भारी नवल! कोल्हापुरात मिशनरी वाइल्डरसाहेब आले 1852 साली. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम 1831 पासून चालू होतं. तिकडच्या खेड्यापाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या प्रभूचं नाव घेणारी घरं आहेत. पण आमच्याकडे पहिला प्रश्न काय? "आडनाव काय तुमचं?" हा प्रश्न कशासाठी विचारतात ते विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि ऐकणाऱ्यालाही.

अशी काही घरं आमच्याकडे उपासनेला आली. पहिल्या रविवारी त्यांचं स्वागत झालं, चहा झाला, फोटो झाला. दुसऱ्या खेपेला त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं पिशवीतून टाळ काढले आणि टिळकांचं भजन उचललं. खणखणीत आवाज. नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले आणि पुढं बरीच वर्षं नगरला राहिले. तिकडच्या मंडळ्यांत भजन-कीर्तन मुरलेलं आहे. त्याच टिळकांची गीतं आपल्या 'उपासना संगीत'मध्ये आहेत, आपणही ती म्हणतो, फक्त पेटीवर आणि झोप आल्यासारखी. तर दुसरं कडवं सुरू व्हायच्या आत एक वडील मागं वळून म्हणाले, "टाळ नकोत. ही काय दिंडी आहे?" म्हाताऱ्यानं टाळ रुमालात गुंडाळले, पिशवीत ठेवले आणि उपासना संपेपर्यंत मान वर केली नाही. पाळक हजर होते. ते बायबलाची पानं चाळत राहिले.

मग 'ते लोक नियमित येत नाहीत' अशी तक्रार सुरू झाली. मी एका संध्याकाळी असळज गावाच्या पुढं त्यांच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर, गेले. लांबूनच टाळ ऐकू आले. बॅटरीच्या उजेडात त्यांची प्रार्थना चालली होती, शेजारच्या कोपीतल्या दोन बायकाही येऊन बसल्या होत्या. मला बसायला पोतं दिलं, काळा चहा दिला. त्यातली एक म्हणाली, "बाई, तिथं आमाला पाव्हण्यावानी बसवत्यात. पाव्हण्यानं किती दिस जायचं?" मला उत्तर सुचलं नाही. आमच्या वडिलांना मात्र सुचलं: "हंगामी माणसं, जाणारच होती."

ज्यांच्या मंडळीत असे लोक येतात त्यांच्यासाठी सांगते. सकाळी दहाची उपासना त्यांच्या कामाची नाही. पहाटे अंधारात फडात जायचं, आणि ट्रॅक्टर आला की रात्रीबेरात्रीसुद्धा गाडी भरायची. त्यांना रविवारची सुट्टी नाही; खाडा झाला की पैसे कापले जातात, आणि मुकादमाची उचल फिटेपर्यंत त्यांचं काही चालत नाही. तेव्हा संध्याकाळी तुम्ही तिकडे जा. जाताना मुकादमाशी आधी बोला, नाहीतर त्याला वाटतं तुम्ही टोळी फोडायला आलात. मला एकदा त्यानं बांधावरूनच परत पाठवलं होतं. जुने कपडे नेऊ नका. बाकी प्रेमानं वागा, प्रार्थना करा, हे सगळे सांगतातच.

नाव लिहून घ्या, नवऱ्याचं एकट्याचं नको, बाईचं आणि पोरांचंही. फोन नंबरावर भरवसा ठेवू नका, सिमकार्डं बदलत असतात. गाव, तालुका आणि गावाकडच्या पाळकांचं नाव घ्या. पोरं दिवसभर पाचट आणि वाडं गोळा करत हिंडतात, त्यांना शब्बाथ शाळेच्या गोष्टींआधी जवळच्या शाळेत बसवायची खटपट करा. त्यासाठी गुरुजींना भेटावं लागतं. कॅलेंडर वाटणं त्यापेक्षा सोपं, हे मला मान्य आहे. आणि कुणाला टाळ वाजवायचे असतील तर वाजवू द्या. छप्पर पडत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पत्र. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की टोळी एका रात्रीत सामान भरून निघते, तुमच्या कमिटीच्या बैठकीसाठी थांबत नाही. त्याआधी गावाकडच्या पाळकांच्या नावानं दोन ओळी लिहून द्या: अमुक कुटुंब हंगामभर आमच्यात होतं, पोराचा बाप्तिस्मा राहिला आहे, आजीला डोळ्यांचा त्रास आहे, लक्ष ठेवा. पुढच्या दिवाळीआधी तिकडून तसंच पत्र मागवा, टोळी कुठल्या कारखान्याला जाणार तेही विचारा. मी असं पत्र लिहून सेक्रेटरीसाहेबांकडे सही-शिक्क्यासाठी दिलं होतं. "ठराव नाही," म्हणून त्यांनी ते फायलीत लावलं. शेवटी मी माझ्या सहीनं, बिनशिक्क्याचं, दुसरं लिहून दिलं. त्या पाळकांचा फोन आला. अहवालात त्याचा उल्लेख नाही.