त्या मुलाला मुदत दे

पिट्सबर्ग

चि. बाळ यास मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

काल तुझ्या आईचा फोन आला. तिच्या बोलण्यात ओघाने निघाले की, तुझा शाळेचा फुटबॉल संघ लागोपाठ ३ सामने हरल्यामुळे पालकमंडळींनी तुझ्याकडे तक्रारींचा धोशा लावला असून, त्या सोळा वर्षांच्या क्वार्टरबॅकला येत्या शुक्रवारी बाकावर बसविण्याचे तू जवळजवळ कबूल केले आहेस. हे खरे असेल तर मला तुझा राग आला आहे. कैफियत ऐकण्यापूर्वी निकाल जाहीर करण्याची रीत आपल्या घरात नव्हती. तुझ्या आजोबांनी मामलेदार कचेरीत उभी हयात याच एका आग्रहापायी घालविली.

मी या गावी आलो तेव्हा थ्री रिव्हर्स मैदानावर लोक ज्याची हुर्यो उडवीत, तो क्वार्टरबॅक टेरी ब्रॅडशॉ होता. १९७० साली साऱ्या देशातून पहिल्या क्रमांकाने निवडलेल्या त्या तरुणाने पहिल्या हंगामात ६ टचडाउन पास दिले आणि २४ वेळा चेंडू प्रतिपक्षाच्या हाती घातला. १९७४ च्या आरंभी त्याची जागा जो गिलियमकडे गेली. तथापि प्रशिक्षक चक नोल यांनी त्याला बाजूस बसविले तरी टाकून दिले नाही, आणि त्याच हंगामाअखेर ब्रॅडशॉने या गावाला पहिला सुपर बोल मिळवून दिला, पुढील पाच वर्षांत आणखी तीन. पेटन मॅनिंगचे १९९८ सालचे २८ इंटरसेप्शन तर तुला पाठच आहेत. ३ विजय, १३ पराभव, आणि दुसऱ्याच वर्षी हिशेब नेमका उलटा.

चेंडू हाती येताच क्वार्टरबॅकने जेमतेम तीन सेकंदांत बचावाची मांडणी ओळखावयाची, अंगावर कोण येणार हे ताडावयाचे, पहिला गडी अडला तर दुसरा शोधावयाचा. ही दृष्टी पडण्याच्या भीतीत उमलत नाही. ह्यूस्टनच्या नव्या संघात २००२ साली डेव्हिड कार एका हंगामात ७६ वेळा सॅक झाला, म्हणजे चेंडू टाकण्यापूर्वीच पाडला गेला. तो दोष एकट्या त्याच्या हाताचा कसा म्हणावा? क्वार्टरबॅकला राखणाऱ्या तुझ्या पुढच्या फळीतील पाचही मुले यंदा नवी आहेत, हे उन्हाळ्यात तूच सांगितलेस. मग शिक्षा त्या एकट्यालाच का?

कॉलेजात मी लेगस्पिन टाकीत असे, हे तुला ठाऊक आहे. एका सामन्यात मार बसला, कप्तानाने सर्वांदेखत चेंडू काढून घेतला, आणि तो पुन्हा माझ्या हाती कधी आला नाही. 'उद्या नेटमध्ये ये' एवढे कोणी म्हटले असते तर मी गेलो असतो. त्या मुलाचे तसे होईल, हीच एक धास्ती मला रात्री झोपू देत नाही.

फार कठोर लिहिले का? तुझीही नोकरी नवी, त्यातून चहूकडून दडपण. तुझा जीव किती टांगणीला लागला असेल, हे मला कळते. अगदी बसवावेच लागले तर नोटीस लावू नकोस. त्याच्या घरी जा, आईवडिलांसमोर सांग, आणि परत केव्हा खेळवणार तेही सांग. मुख्याध्यापकांनी जाब विचारला तर घाबरू नकोस, मला फोन कर.

शुक्रवारी मी व मामी गाडीने येत आहोत. तिने थालिपिठाची भाजणी बांधून ठेवली आहे. जेवल्यावाचून मैदानावर जाऊ नकोस. जिंकलात तर उत्तमच, हरलात तरी रात्री आम्ही तुझ्याकडेच राहू.

तुझा,
मामा