खंत की पश्चात्ताप?

प्रश्न : ‘खंत’ आणि ‘पश्चात्ताप’ एकमेकांच्या जागी चालतात का?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : नाही. पश्चात्ताप स्वतःच्या कृतीचा होतो. खंत हातात नसलेल्या गोष्टीचीही वाटते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेत नागपूरचे मध्य प्रदेशच्या राजधानीचे स्थान गेले. जुन्या नागपूरकरांना त्याची खंत वाटली. पश्चात्ताप कसा होणार? निर्णय त्यांचा नव्हताच.

क्रियापदेही पाहा : खंत वाटते, लागून राहते, पश्चात्ताप होतो आणि माणूस तो करतोही. आईला टाकून बोललात, तर पश्चात्ताप. तिला दीक्षाभूमी दाखवायची राहून गेली, तर खंत.

म्हणून चूक कबूल करताना नुसते ‘खंत वाटते’ म्हणू नका. त्यातून जबाबदारी निसटते.