उजेडाने उघडणारे दार

राधानगरीचे धरण आपल्याला ठाऊक आहे. राजर्षी शाहू महाराजांनी भोगावती नदीवर ते बांधायला घेतले. त्याला ७ स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला चढले, की दार आपोआप उघडते. पाणी बेताने सुटले तर पीक जगते. लोंढा आला तर घरदार वाहून जाते. पाणी तेच, फरक मापाचा!

विषाचेही तसेच आहे. कार्बन मोनॉक्साइड नावाचा एक वायू आहे. कोंदट जागी कोळसा किंवा लाकूड धुमसले, की तो निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपले रक्त अंगभर प्राणवायू पोचवते. पण हा वायू रक्ताला प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. मग प्राणवायूला जागाच उरत नाही. माणूस झोपेतच दगावतो.

तुम्ही म्हणाल, असल्या विषाचं औषध कसं होणार? ऐका तर. जुने रक्त मोडताना आपले शरीर स्वतःच हा वायू किंचित तयार करते. अगदी थोडा असेल तर तो सूज कमी करतो, असे जनावरांवरील प्रयोगांत दिसले आहे. पण नाकावाटे घेतला तर तो साऱ्या अंगात जाणार. दुखऱ्या जागीच तो कसा सोडावा?

त्यासाठी शास्त्रज्ञ हा वायू धातूच्या कणाला बांधून ठेवतात. म्हणजे दार बंद. त्यावर योग्य उजेड पडला, की बंध तुटतो आणि वायू सुटतो. २००२ साली रोबेर्तो मोटर्लिनी व त्यांच्या सोबत्यांनी मँगनीज धातूच्या एका पदार्थातून असा वायू सोडवून दाखवला.

आता उजेड कोणता घ्यावा? रात्री पेटत्या बॅटरीवर तळहात धरून पाहा. हात तांबडा दिसतो. कारण तांबडा उजेड मांसात खोल जातो, निळा जात नाही. म्हणून तांबड्या उजेडाने उघडणारे दार करण्याची खटपट चालू आहे. मागे उरलेला धातू अंगाला बाधू नये, हेही पाहावे लागते. त्यामुळे हे औषध अजून दवाखान्यात आलेले नाही.

शास्त्रज्ञ तोलूनमापून काम करतात. घरातल्या शेगडीला माप नसते. म्हणून आम्ही बजावून सांगतो. थंडी-पावसात पेटती शेगडी खोलीत ठेवून, दारे-खिडक्या लावून निजू नका. शेगडीजवळ डोके दुखू लागले, मळमळले, तर लगेच सगळ्यांना घेऊन उघड्यावर या आणि दवाखाना गाठा.