ऑपरेशन टेबलावरची हुडहुडी

प्रश्न : आईचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय. थिएटरमधल्या थंडीची तिला धास्ती वाटते. काय करावं?

उत्तर : हा दोष एकट्या एसीचा नसतो. भूल दिली की रक्तवाहिन्या सैलावतात, पोटा-छातीतली ऊब हातापायांकडे जाते आणि पहिल्या तासातच शरीराचं आतलं तापमान साधारण एका अंशाने उतरतं. हे किरकोळ नव्हे. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या, मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेच्या २०० रुग्णांवरील अभ्यासात गार पडलेल्यांपैकी १९ टक्के जणांच्या जखमेत जंतुसंसर्ग झाला. उबदार ठेवलेल्यांत ६ टक्के.

म्हणून भूलतज्ज्ञांना आधीच विचारावं, गरम हवेचं ब्लँकेट आहे ना? कागदासारख्या या हलक्या पांघरुणात नळीतून ऊन हवा खेळते. भूल देण्याआधी अर्धा तास ते घातलं, तर जास्त उपयोग होतो. भरपूर सलाईन द्यायचं असेल तर तेही कोमट हवं.

थंडी वाजली तर आईंनी लगेच सांगावं, सोसत पडून राहू नये.