लाल मिरची लालच दिसावी, अशी बॅटरी

प्रश्न : आम्ही घरीच मिरची निवडतो. लाइट गेली की बॅटरीच्या निळसर उजेडात रंग कळत नाही, डोळेही दिपतात. कोणती बॅटरी घ्यावी? – एक वाचक, सिल्लोड

उत्तर : दोष डोळ्यांचा नाही, उजेडाचा आहे. स्वस्त एलईडी बॅटऱ्या बहुधा ६,००० केल्विनच्या (उजेडाच्या रंगाचं माप) पुढच्या. त्यांत निळा भाग जास्त, गडद लाल कमी. मग लालभडक मिरची तपकिरी दिसते आणि डागी मिरची तिच्यात खपून जाते.

घरात वावरायला २,७०० ते ३,००० केल्विन, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बसारखा उजेड बरा. निवडीला मी ४,००० च्या आसपासचा घेईन. पण नुसत्या पिवळेपणावर भाळू नका. सीआरआय, म्हणजे उजेडात रंग किती खरे दिसतात याचा आकडा, ९० च्या वर हवा. त्यातही मेख आहे : हा आकडा आठ फिक्या रंगांची सरासरी असतो, गडद लाल त्यात धरतच नाहीत. त्यासाठी ‘आर ९’ हा गडद लालाचा आकडा वेगळा विचारा. ५० च्या वर असला तर उत्तम. दुकानदाराला तो बहुधा ठाऊक नसतो. म्हणून खिशात एक चांगली आणि एक डागी मिरची न्या, दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात दोन्हींवर उजेड पाडा, मग बाहेर उन्हात ताडून पाहा.

ल्युमेनचे, म्हणजे एकूण उजेडाचे, मोठे आकडे रानडुकरं हाकायला ठेवा. खोलीत १००-२०० पुरतात, तेही पसरट झोताचे. बॅटरी छताकडे तोंड करून ठेवली की सुपावर सावलीही पडत नाही.